लहान चणीच्या घोडीचें गाभणपण व विण्याची पूर्वतयारी

आमच्या वाचकबंधूंपैकीं बहुतेकांस गाई-म्हशींचें गाभणपण ओळखण्याचा पिढीजाद सराव आहे. परंतु घोडीच्या बाबतींत, आणि विशेषतः लहान चणीच्या घोडीच्या बाबतींत, हा सराव अपुरा पडतो. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें धनगरांच्या बिऱ्हाडाचें ओझें आजही वाहतात. अर्जेंटिनांतील फालाबेला व अमेरिकेंतील ३४ इंचांपर्यंतच्या उंचीचीं ठेंगणीं घोडीं तर याहूनही लहान. घोडी जितकी लहान तितकी विण्याची अडचण अधिक; कारण अति ठेंगण्या जातींत शिंगराचें डोकें आईच्या मानानें मोठें असतें व अडलेल्या घोडीस मदत करण्यास हातालाही जागा नसते.

या विषयावर लिहिण्यास एक कारण घडलें. महसूल खात्यांतील नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं एका बाजारांतून लहानशी घोडी आणली. विकणाऱ्यानें ती सहा महिन्यांची गाभण असल्याचें सांगितलें. आम्हीं तें वहींत टिपून पुढील पांच महिन्यांचा हिशेब मांडला. तिसऱ्याच महिन्यांत आमचा गडी सांगूं लागला कीं घोडीची कास भरली आहे. आम्हीं वही दाखवून त्यास गप्प केलें. आठव्या दिवशीं पहाटे गोठ्यांत पूर्ण वाढीचें शिंगरूं मरून पडलें होतें; नाकावरील पडदा फाटलाच नव्हता. कोणी जवळ असतें तर एका हाताच्या कामानें तें वांचलें असतें. उतारा पाहून पीक ठरवावें व शेतांत पाऊल टाकूं नये, असा हा प्रकार झाला.

गाभणपणाची ओळख. घोडीचा माज साधारण २१ दिवसांनीं परततो. तो परतला नाहीं तर गर्भाची शंका घ्यावी, पण खात्री मानूं नये. कांहीं गाभण घोड्याही माज दाखवितात, आणि कांहीं रिकाम्या घोड्या दाखवीत नाहींत. पोटाचा घेर तर फारच फसवा. चाऱ्यानें फुगलेली घोडी गाभण दिसते व पहिलटकरीण शेवटपर्यंत सडपातळ राहते. खरी खात्री पशुवैद्याच्या ध्वनिलहरी-यंत्रानें १४ ते १६ व्या दिवसापासून होते. जुळें असल्यास तेंही तेव्हांच कळतें, आणि घोडीस जुळें हें बहुधा घातकच ठरतें. फार लहान घोडीस गुदद्वारांतून तपासणें धोक्याचें असल्यास पशुवैद्य पोटावरून यंत्र लावतो, किंवा पुढील महिन्यांत रक्ततपासणीचा आधार घेतो.

दिवसांचा हिशेब. गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा; ३२० ते ३६५ दिवस स्वाभाविक समजावे. ठेंगण्या जातींत तो कांहींसा कमीही भरतो. १ मार्च रोजीं फळलेल्या घोडीची सरासरी तारीख ४ फेब्रुवारी येते. परंतु ३०० दिवस होतांच पाळत सुरू करावी.

शेवटचे तीन महिने. विण्यापूर्वीं ४ ते ६ आठवडे धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. घोडी लठ्ठ आहे म्हणून या काळांत तिची उपासमार करूं नये. लहान घोडीनें चारा सोडला तर अंगांतील चरबी रक्तांत उतरून यकृत बिघडतें व ती दगावते. म्हणून एक दिवस खाणें सुटलें तरी पशुवैद्यास बोलवावें. विण्याच्या जागेवर तिला तीन-चार आठवडे आधीं आणावें, म्हणजे तेथील रोगजंतूंविरुद्धची शक्ति तिच्या चिकांत उतरते. जागा कोरडी, धुतलेली व सुमारें दहा फूट लांब-रुंद असावी. खालीं स्वच्छ पेंढा अंथरावा. भुसा शिंगराच्या ओल्या नाकास चिकटतो. स्वच्छ फडकीं, विजेरी, कात्री, नाळेसाठीं पशुवैद्यानें दिलेलें जंतुनाशक व त्याचा दूरध्वनि-क्रमांक हाताशीं ठेवावा.

विणें जवळ आल्याचीं चिन्हें. दोन ते सहा आठवडे आधीं कास भरूं लागते. मग शेपटीच्या मुळाजवळील भाग सैल पडतो व मायांग लांबट होतें. शेवटच्या एक ते चार दिवसांत सडांच्या टोकांस मेणासारखे मणी येतात. मात्र कांहीं घोड्यांस ते येतच नाहींत. बहुतेक घोड्या रात्रींच वितात, हें विसरूं नये.

प्रत्यक्ष विणें. घोडी अस्वस्थ होते, घाम येतो, कुशीकडे पाहते. पाणमोट फुटल्यावर २० ते ३० मिनिटांत शिंगरूं बाहेर आलें पाहिजे. प्रथम निळसर-पांढरा पडदा, त्यांत दोन पुढचे पाय, तळवे जमिनीकडे, व त्यांवर नाक, हा योग्य क्रम. तळवे वर असतील, एकच पाय दिसेल किंवा दहा मिनिटें प्रगति थांबेल, तर पशुवैद्यास तत्काळ बोलवावें. दोरी लावून ओढूं नये. लाल मखमलीसारखी पिशवी प्रथम दिसली तर वार आधींच सुटली व शिंगराचा श्वास तुटला, असें समजावें. ती लगेच कापून शिंगरूं हळूच बाहेर घ्यावें व पशुवैद्यास कळवावें. येथें वाट पाहण्यास सवड नाहीं.

शिंगरूं बाहेर येतांच नाकावरील पडदा दूर करावा. नाळ आपोआप तुटूं द्यावी व तिला जंतुनाशक लावावें. पुढें एक, दोन, तीन असें लक्षांत ठेवावें: एका तासांत शिंगरूं उभें राहावें, दोन तासांत दूध प्यावें, तीन तासांत वार पडावी. पडलेली वार पसरून पूर्ण आहे कीं नाहीं तें पाहावें. अडकलेली वार ओढूं नये, पशुवैद्यास बोलवावें. शिंगरूं जन्मतः रोगप्रतिकारशक्तीवांचून येतें. ती त्याला चिकांतूनच मिळते, व २४ तासांनंतर चीक पाजून ती मिळत नाहीं.

पुढील वितीच्या वेळीं आम्हीं वहीही ठेवली आणि रात्रीं गोठ्यांत खाटही टाकली. पडदा या वेळींही नाकावरच होता. गड्यानें तो फाडला, आणि शिंगरूं शिंकलें. वाचकबंधूंनीं वही अवश्य ठेवावी. परंतु वहीचा व घोडीच्या कासेचा मेळ बसत नसेल, तर कासेवर विश्वास ठेवावा.