मोटारीचा विमा : मुदत चुकली तर...

अहिल्यानगर शहराला लागून असलेले भिंगार हे लष्करी छावणीचे गाव. पाथर्डीकडे जाणारा हमरस्ता येथूनच पुढे जातो. भाजीपाल्याचे टेंपो, शाळांची वाहने, लष्कराच्या गाड्या आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर यांची वर्दळ या रस्त्याला नवी नाही. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून याच शहरापर्यंत धावली. त्या काळी मोटार मोजक्यांच्या दारी असे. आज ती शेतकरी, शिक्षक आणि निवृत्त सैनिक यांच्याही अंगणात उभी आहे. वाहने वाढली, मात्र त्यांच्या विम्याविषयीची जाणीव त्या प्रमाणात वाढली, असे म्हणता येत नाही.

सवलतीच्या दिवसांचा गैरसमज

आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता चुकला तर तो भरण्यास काही दिवसांची सवलत मिळते. मोटारीच्या विम्यालाही तशीच सवलत असावी, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. विमा अधिनियम, १९३८ मधील कलम ६४-व्हीबी अन्वये विम्याची रक्कम आधी हाती आल्याखेरीज विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. विमापत्रावरील अखेरच्या तारखेची मध्यरात्र उलटली की संरक्षण संपते.

नव्वद दिवसांची जी मुदत सांगितली जाते, ती वेगळ्या कारणासाठी आहे. भरपाईचा दावा न केल्याबद्दल पुढील वर्षी २० ते ५० टक्क्यांपर्यंत जी सूट मिळते, ती या नव्वद दिवसांत नूतनीकरण केल्यास टिकते. मधल्या काळात अपघात झाल्यास मात्र विम्याचा आधार मिळत नाही. शिवाय मुदत उलटल्यानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा पुन्हा घेताना वाहनाची तपासणी करून घ्यावी लागते.

दंड हा सर्वांत लहान तोटा

रस्त्यावरील त्रयस्थ व्यक्तीच्या हानीसाठी विमा काढण्याची सक्ती आपल्या देशात १ जुलै १९४६ पासून आहे. आज ती मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ मध्ये आहे. तिचा भंग केल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व त्यानंतर ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु खरा भार दंडाचा नाही, नुकसानभरपाईचा आहे.

उदाहरणार्थ, भिंगारच्या एखाद्या रहिवाशाच्या मोटारीच्या विम्याची मुदत दहा दिवसांपूर्वी संपली आहे आणि तिच्या धडकेने ३२ वर्षांचा एक कारागीर मृत्युमुखी पडला, असे समजू. त्याची मासिक कमाई १५,००० रुपये असून पत्नी, दोन मुले व आई त्याच्यावर अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये घालून दिलेल्या सूत्रानुसार भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के मिळवून, त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून येणाऱ्या वार्षिक रकमेला १६ ने गुणले जाते. ही रक्कम ३०,२४,००० रुपये होते. अंत्यसंस्कार आदी बाबींची रक्कम त्याहून वेगळी. त्याउलट १,००० ते १,५०० घनसेंटिमीटर क्षमतेच्या खाजगी मोटारीसाठी त्रयस्थ विम्याचा वार्षिक दर १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये ठरविण्यात आला होता.

विमा चालू असता तर ही भरपाई कंपनीने दिली असती. तो नसल्याने वाहनमालक जबाबदार ठरतो. त्याने रक्कम न भरल्यास दावा न्यायाधिकरण कलम १७४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते. म्हणजे वेळ सातबारावरील जमिनीपर्यंत येते. मालकाकडे मालमत्ताच नसेल, तर त्या विधवेच्या हाती निवाड्याचा कागद तेवढा उरतो. अपघातातील विमा नसलेले वाहन पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये आणि तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यांना सांगितले, ते याच कारणासाठी.

सावधगिरीच्या बाबी

अपघातानंतर त्याच दिवशी विमा उतरवून सुटका होत नाही. विमापत्रावर वेळ नोंदलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच सुरू होते. विम्याचा धनादेश न वटल्यामुळे कंपनीने अपघातापूर्वी विमापत्र रद्द करून मालकाला तसे कळविले असेल, तर कंपनीची जबाबदारी उरत नाही. वाहन विकले, पण नोंदणी बदलली नाही, तर नोंदणीकृत मालकच जबाबदार राहतो. हे २०१८ च्या निर्णयाने स्पष्ट झाले आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा घ्यावा लागतो. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या विम्याची मुदत याहून वेगळी असू शकते. म्हणून दोन्ही तारखा पाहाव्यात. महिनोन्महिने उभी असलेली गाडी लग्नकार्यासाठी बाहेर काढण्यापूर्वी तर हे अवश्य करावे.

गावपातळीवरील कर्तव्य

केंद्र व राज्य शासनाच्या मालकीच्या, व्यापारी कारणासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना कायद्याने सूट दिली आहे. ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर किंवा घंटागाडी मात्र आपोआप या सुटीत येत नाही. स्थानिक प्राधिकरणाला त्यासाठी शासनाचा आदेश आणि स्वतंत्र निधी आवश्यक असतो. सरपंच व ग्रामसेवकांनी अशा वाहनांची मुदत नोंदवहीत लिहून ठेवावी. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या वाहनांची विमापत्रे तपासावीत. वाहन क्रमांकावरून विम्याची मुदत एम-परिवहन या भ्रमणध्वनी सेवेवरही पाहता येते.

अपघातग्रस्तांनाही मार्गदर्शनाची गरज असते. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेत जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. भरपाईच्या दाव्यासाठी अधिनियमात सहा महिन्यांची मुदत घातलेली असल्याने विलंब टाळावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो.

विमा हा वाहनमालकावर लादलेला एक कर आहे, अशी भावना अजूनही आढळते. वस्तुतः पायी चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या कुटुंबाची आणि स्वतःच्या शेताची ती राखण आहे. ती एका दिवसानेही खंडित होऊ न देणे हे प्रत्येक वाहनमालकाचे कर्तव्य आहे.