छाटणी : बालपणीची आणि वार्धक्यातील

माझा व्यवसाय लहान मुलांचा. स्मृतिभ्रंशावर मी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मूल कधी एकटे येत नाही. त्याच्याबरोबर बहुधा आजी येते. अशाच एक आजी थोरल्या नातवाच्या लसीकरणाच्या तारखा मला तोंडपाठ सांगत असत. धाकट्याच्या वेळी मात्र त्या एकच तारीख तीन-तीनदा विचारू लागल्या. पुढे एके दिवशी त्यांचे चिरंजीव एकटेच आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आईला अल्झायमर सांगितला आहे. त्यात मेंदूला सूज असते, असे वाचले. मग सांधेदुखीला देतात तशी सुजेवरची गोळी हिला का देत नाहीत?”

प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. गेल्या शतकाच्या अखेरीस जगातील नामवंत संशोधकांनीही नेमके हेच विचारले होते. त्याच्या उत्तराची एक महत्त्वाची वाट बालकांच्या मेंदूतून जाते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही ‘सूज’ कोणती?

‘मेंदूला सूज’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे करतो. मेंदूज्वरालाही तो लावतो आणि अपघातानंतर मेंदूत साचणाऱ्या पाण्यालाही. अल्झायमरमध्ये मेंदू सुजत नाही, उलट आक्रसतो. तेथे ‘दाह’ म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशींची वर्षानुवर्षे चालणारी, मंद आचेवरची उत्तेजित अवस्था. तिच्यात ताप नसतो, वेदनाही नसते.

या प्रतिकारपेशींचे नाव मायक्रोग्लिया. माद्रिद येथील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांचे विशेष रंजन वापरून त्यांचे वेगळेपण सिद्ध केले. इजा झाल्यावर या पेशी आकार बदलतात आणि मृत अवशेष गिळतात, हेही त्यांनी पाहिले. पुढे कितीतरी दशके या पेशी एरवी स्वस्थ बसून असतात, असाच समज होता. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण झाले, तेव्हा तो समज मोडला. निरोगी मेंदूतही मायक्रोग्लिया आपल्या बारीक शाखा सतत फिरवीत आसपासची पाहणी करीत असतात. त्या नेमके काय पाहत होत्या?

बालमेंदूतील माळी

येथे आमच्या शाखेचा संबंध येतो. शिकागोचे बालमज्जातज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूतील चेतासंधी मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. चेतासंधी म्हणजे एक चेतापेशी दुसरीला निरोप देते ते ठिकाण. मेंदूच्या पुढच्या भागात त्यांची घनता वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वाधिक, प्रौढांच्या सुमारे दीडपट, असल्याचे त्यांना आढळले. पुढे पौगंडावस्थेपर्यंत ती उतरत जाते. याचा अर्थ, मूल शिकते ते केवळ नवे जोड निर्माण करून नव्हे. अनावश्यक जोड काढून टाकूनही शिकते. गुलाबाची छाटणी केल्यावाचून फूल चांगले येत नाही, तसाच हा प्रकार.

मग ही छाटणी करणारा माळी कोण? बेथ स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. स्टॅनफर्ड येथे बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना २००७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. जंतूंवर खूण करून भक्षकपेशींना बोलावणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने आपण वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षी शिकलो. त्यांतीलच सी-१-क्यू आणि सी-३ ही प्रथिने उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतील चेतासंधींवर आढळली. ज्या पिल्लांत ती नव्हती, त्यांच्या दृष्टिमार्गातील छाटणी अपुरी राहिली. पुढे बोस्टनच्या बालरुग्णालयातील स्वतःच्या प्रयोगशाळेतून, २०१२ मध्ये, त्यांच्या गटाने साखळीतील पुढचा दुवा दाखविला: खूण झालेले जोड मायक्रोग्लिया प्रत्यक्ष गिळतात. माळी सापडला होता.

अवेळी छाटणी

२००७ च्या त्याच शोधनिबंधात एक अस्वस्थ करणारी नोंद होती. काचबिंदू झालेल्या प्रौढ उंदरांच्या दृष्टिपटलात, रोगाच्या प्रारंभीच, सी-१-क्यू पुन्हा चेतासंधींवर दिसू लागले होते. बालपणी आवश्यक असलेले काम वार्धक्यात अवेळी सुरू होत असेल तर?

या शंकेला वजन होते. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या रुग्णाच्या मेंदूतील जे थर आणि गुंते वर्णिले, त्यांच्याकडे जगाचे लक्ष राहिले. परंतु १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रुग्णाची बुद्धी किती क्षीण झाली याच्याशी सर्वांत निकटचा संबंध थरांचा नसून नष्ट झालेल्या चेतासंधींचा असतो. २०१६ मध्ये स्टीव्हन्स यांच्या गटाने अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांत पाहिले की, ॲमिलॉइडचे थर बसण्यापूर्वीच सी-१-क्यू चेतासंधींवर वाढते आणि मायक्रोग्लिया ते जोड गिळू लागतात. सी-१-क्यूला अटकाव केल्यावर चेतासंधींची हानी कमी झाली. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, याचे भान ठेवावयास हवे. तरीही दाह हा केवळ ऱ्हासानंतरचा केरकचरा नसून ऱ्हासाच्या आरंभीही त्याचा हात असू शकतो, हे त्यांतून पुढे आले.

मग गोळी का नाही?

आता त्या चिरंजीवांच्या प्रश्नाकडे वळू. दाहशामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत अल्झायमर कमी आढळतो, असे काही निरीक्षणांत दिसले होते. म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये नॅप्रोक्सेन व सेलेकॉक्सिब यांची रीतसर चाचणी सुरू झाली. सत्तरीच्या पुढचे, घराण्यात हा रोग असलेले सुमारे अडीच हजार लोक तीत सहभागी होते. हृदयविकाराच्या धोक्याच्या शंकेमुळे डिसेंबर २००४ मध्ये औषधे थांबवावी लागली, आणि स्मृतीला संरक्षण मिळाल्याचेही दिसले नाही.

असे का व्हावे, याचा एक धागा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात सापडतो. ‘ट्रेम-२’ हे मायक्रोग्लियांवरील ग्राही प्रथिन. त्याच्या जनुकातील एका विशिष्ट बदलामुळे ते दुबळे पडले, तर अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. म्हणजे हाच माळी बागेतील विषारी कचराही उचलत असतो. त्याचे हात सरसकट बांधले तर छाटणी थांबेल, पण कचरा साचेल. खरी गरज आहे ती नेमकी अवेळची छाटणी रोखणाऱ्या औषधाची. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब रोगाची गती काहीशी मंदावते. परंतु ते ॲमिलॉइडवरचे प्रतिपिंड आहे, दाहावरचे औषध नव्हे.

मी त्यांना काय सांगितले

“सुजेवरची गोळी देऊ नका, स्मृती परत येणार नाही आणि या वयात मूत्रपिंड, जठर व हृदय मात्र धोक्यात येतील,” हे त्यांना स्पष्टच सांगितले. मेंदूचा दाह घालविण्याची हमी देणारी चूर्णे आणि महागडी इंजेक्शने यांपासूनही दूर राहावयास सांगितले. रिकाम्या हाताने मात्र पाठविले नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, रोज चालवा, माणसांत बसवा आणि मुख्य म्हणजे कान तपासून घ्या, असे सुचविले. आजींना खरोखरच कमी ऐकू येत होते. श्रवणयंत्र लावल्यावर रोग हटला नाही, परंतु त्या पुन्हा घरच्यांच्या बोलण्यात भाग घेऊ लागल्या.

‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे चौदा टाळता येण्याजोगे धोके सांगितले. ते सर्व दूर झाले तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांत हा विकार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. ऐकू कमी येणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा ही त्यांतील काही नावे. आणि आयुष्याच्या प्रारंभीचा धोका कोणता, तर अपुरे शिक्षण. आजीच्या स्मृतीची पहिली तरतूद तिच्या शाळेत व्हावयास हवी होती. म्हणून यापुढे एखादी आजी नातीला घेऊन आली, तर आपण बालरोगतज्ज्ञांनी मुलीच्या शाळेची चौकशी करावी, आणि आजीला ऐकू नीट येते ना, हेही जरूर विचारावे.