तबकडी सापडते, कलावंत ओळखावा लागतो

अडगळीच्या खोलीतून, जुन्या बाजारातून किंवा एखाद्या संग्राहकाच्या पश्चात त्याच्या कपाटातून दुर्मीळ तबकडी बाहेर आली की शोध लागला, असा सर्वसाधारण समज असतो; वास्तविक अधिक कष्टाचे काम त्यानंतर सुरू होते, कारण त्या तबकडीवर कोण गात किंवा वाजवीत आहे, ती कधी आणि कोणत्या कंपनीने मुद्रित केली, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या वेगाने फिरविली असता कलावंताचा खरा स्वर कानी पडतो, ही प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. पाश्चात्त्य संगीताला हा धडा दिनू लिपाती या रुमानियन पियानोवादकाच्या निमित्ताने मिळाला. १९५० च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी निधन पावलेल्या या वादकाची ध्वनिमुद्रणे मुळातच थोडी. त्यामुळे १९६० च्या दशकात शोपँच्या एका कॉन्चेर्तोचे, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या दीर्घ रचनेचे, त्याच्या नावाचे ध्वनिमुद्रण बाजारात आले तेव्हा रसिकांनी ते डोक्यावर घेतले. पुढे १९८१ मध्ये उघडकीस आले की ते वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश वादिकेचे होते. लिपातीने हीच रचना १९५० मध्ये झुरिच येथे वाजविली होती. तिचे अस्सल मुद्रण त्यानंतर प्रकाशात आले. वर्षानुवर्षे जाणकारांनी ज्या स्पर्शात लिपातीचे वेगळेपण ऐकले तो स्पर्श दुसऱ्याच कलावंताचा होता, ही गोष्ट कानावर विसंबून निर्णय देणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

महाराष्ट्रात पियानोची परंपरा मुंबईतील ख्रिस्ती आणि पारशी घरांपुरती राहिली. येथील अभिजात संगीतात पट्ट्यांच्या वाद्याचा मान पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आणि नाट्यगृहात पायपेटीला व ऑर्गनला मिळाला. त्यामुळे मराठी मुलखातील ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांचा आढावा घ्यायचा तर गायकाच्या तबकड्यांकडे पाहताना त्यामागे वाजणाऱ्या पेटीकडेही लक्ष द्यावे लागते. या पेटीचा उपयोग केवळ साथीपुरता नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांच्यासह अनेक कलावंतांचे गायन मुद्रित केले आणि त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे तयार होऊन परत आल्या. हिंदुस्थानी भाषा न जाणणाऱ्या तेथील कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे, यासाठी गाणे संपता संपता कलावंताने आपले नाव उच्चारण्याची प्रथा पडली, असे सांगतात. गौहरजान यांची इंग्रजीतील घोषणा तर प्रसिद्धच आहे. आज ज्यांना अशी घोषणा गमतीची वाटते त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की अनेक विस्मृत कलावंतांची ओळख पटविणारा एकमेव निर्विवाद पुरावा तीच आहे. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि परदेशवारी थांबली, तशी ही घोषणाही हळूहळू नाहीशी झाली.

त्या काळचे मुद्रण यांत्रिक पद्धतीचे होते. वीज किंवा मायक्रोफोन यांचा संबंध नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे, त्या आवाजाने पडदा थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या जाड चकतीवर खाच कोरत जाई. अशा मुद्रणात हळुवार स्वर निसटून जात, साथीची वाद्ये कर्ण्यापासून दूर गेली की ऐकूच येत नसत, आणि १० इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. १९२५ नंतर विद्युत मुद्रणाची, म्हणजे मायक्रोफोनच्या साहाय्याने आवाज पकडण्याची पद्धत आली आणि तबकडीवर मंद्र स्वर, तानपुऱ्याचा झणत्कार आणि श्वासाचा अवकाश हे सारे प्रथमच उमटले.

या दोन्ही पद्धतींमधील अंतर एकाच कलावंताच्या आवाजात पाहायचे तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांसारखे उदाहरण नाही. १८७२ मध्ये उत्तरेतील कैराना येथे जन्मलेले आणि मिरजेला कर्मभूमी मानणारे हे किराणा घराण्याचे प्रवर्तक विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामोफोन कंपनीसाठी गायले, आणि त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, १९३४ ते १९३६ या काळात, ओडियन या शिक्क्याच्या तबकड्यांसाठी पुन्हा गायले. पहिल्या खेपेच्या तबकड्यांत तरुण, चपळ, तानांवर हुकमत दाखविणारा गायक ऐकू येतो. दुसऱ्या खेपेत तोच गळा एकेका स्वरावर रेंगाळत, आर्त होत, जणू वेळेची मर्यादाच नाही अशा थाटात तीन मिनिटांत रागाचे रूप उभे करतो. झिंझोटीतील त्यांची ठुमरी किंवा वसंतातील बंदिश ऐकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या खेपेची कल्पनाच नसते, आणि त्यामुळे किराणा घराण्याची गायकी पहिल्यापासून संथ आणि आलापप्रधानच होती असा गैरसमज पसरलेला आहे. खाँसाहेबांची गायकी बदलली किती आणि यंत्र बदलल्यामुळे ती वेगळी भासते किती, याचा निवाडा करणे सोपे नाही. तरी कर्ण्यात ओरडून गाण्याची सक्ती संपली, हे या बदलाचे एक कारण निश्चित मानावे लागते. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जात असताना सिंगपेरुमाळकोविल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. ओडियनचे मुद्रण आणखी दोन-तीन वर्षे लांबते तर त्यांच्या परिपक्व गायनाचा पुरावा उरलाच नसता.

त्याच दुसऱ्या खेपेत खाँसाहेबांनी 'मानापमान' नाटकातील एक पदही गायले आहे. १९११ च्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि टेंबे हे स्वतः पेटीचे अव्वल दर्जाचे वादक, गायक भास्करबुवा बखल्यांचे शागीर्द आणि पुढे 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचे संगीतकार व नायक. पेटीवाल्याच्या बोटांतून उतरलेली चाल रंगभूमीवर गाजते आणि किराणा घराण्याचा प्रवर्तक ती उचलून तबकडीवर आपल्या ढंगात गातो, ही देवघेव ग्रंथांतून क्वचितच नोंदली गेली आहे. तबकडी मात्र ती साडेतीन मिनिटांत सांगून टाकते.

पेटीचा दुसरा उपयोग शोधकार्यातला. जुन्या तबकड्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हटले जाते, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा फिरणाऱ्या. परंतु यांत्रिक मुद्रणाच्या काळात हा वेग ठरलेला नव्हता आणि तो ७० पासून ८२ पर्यंत कुठेही असे. मूळ ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर फिरविली तर लय साधारण पाच टक्क्यांनी वाढते आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुराने चढतो, म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारा गायक काळी एकच्या आसपास गात असल्याचा भास होतो. गळा कोणत्याही उंचीला लागू शकतो, तानपुरा हवा तसा लावता येतो. पेटीच्या पितळी पट्ट्या मात्र कारखान्यात ठरलेल्या सुरांत बसविलेल्या असतात. म्हणून साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधोमध अधांतरी वाजत असल्यासारखी ऐकू आली की वेग चुकला असे समजावे, आणि ती एखाद्या पट्टीशी चपखल जुळेपर्यंत वेग कमी-जास्त करीत जावे. त्या काळी पेट्या सर्वत्र एकाच मापाच्या नसत, त्यामुळे या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि नेमकी पट्टी कोणती हे ठरवायला त्या गायकाच्या सवयीची माहिती लागतेच. खाँसाहेबांचा स्वर स्वभावतःच उंच. त्यात वेगाच्या गफलतीची भर पडली की तो अनैसर्गिक टोकदार होतो, आणि इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींपैकी कित्येकींचे हेच झाले आहे.

ज्या वाद्याची अशी मदत होते त्या वाद्यावर मात्र आकाशवाणीने १९४० मध्ये बंदी घातली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, पेटीवर शक्य नाही आणि तिचे सूर भारतीय श्रुतींशी जुळत नाहीत, हे त्यामागचे आक्षेप; ते अगदीच निराधार नव्हते, पण त्यांचा परिणाम तीन दशके भोगावा लागला. १९७१ मध्ये बंदी शिथिल होईपर्यंत पेटीला नभोवाणीत स्थान उरले नाही, आणि म्हणून पी. मधुकर यांच्यासारख्या कुशल वादकाची कला शोधायची तर खासगी कंपन्यांच्या तबकड्यांकडेच वळावे लागते. पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी नाट्यपदे पेटीवर आणि ऑर्गनवर अशी वाजविली की मींड नसलेल्या वाद्यातून गायकीचा भास व्हावा. त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी ती वाट २०१८ पर्यंत, आपल्या निधनापर्यंत, चालू ठेवली; पण गुरूच्या वादनाचा पुरावा आज मुख्यतः तबकड्यांवरच आहे.

शोधाला काही ठिकाणी भिंतच लागते. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या गायनाची तबकडी नाही, असेच आजवर मानले जाते. दोघांचेही कर्तृत्व तबकड्यांच्या उमेदीच्या काळातले. तरीही तबकडी निघाली नाही; कंपन्यांची घाई, तीन मिनिटांची अट आणि आपल्या खास चिजा दुसऱ्याच्या हाती पडतील ही जुन्या गवयांची धास्ती, अशी कारणे यासाठी दिली जातात. कल्याणला १९२६ मध्ये स्थापन झालेल्या गायन समाजाने भास्करबुवांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव चालविला आहे; ज्या गायकाच्या नावाने इतके सूर उमटतात त्याचा स्वतःचा एकही सूर ऐकण्याची सोय नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत निदान शिष्यांच्या तबकड्या आहेत, आणि त्यांपैकी केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला गेली. अमेरिकन संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचविली होती. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, दुसरे यान उडाल्यानंतर ११ दिवसांनी, केसरबाईंचे निधन झाले. गुरूचा आवाज पृथ्वीवरही उरू नये आणि शिष्येचा अवकाशात जावा, यात योग्यतेपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा आहे.

या साऱ्या सामग्रीची शिस्तशीर नोंद करण्याचे काम विद्यापीठांनी किंवा सरकारी खात्यांनी फारसे केले नाही. ते हौशी संग्राहकांनी केले, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था, तिचे सचिव सुरेश चांदवणकर आणि तिचे 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक यांच्यामुळे संग्राहकांच्या घरोघरी विखुरलेली माहिती प्रथम एकत्र आली. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांचा चरित्रासह स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अशा सूचीचा पाया म्हणजे साचाक्रमांक. तबकडीच्या मध्यभागी चिकटविलेल्या कागदाभोवती जो रिकामा काळा पट्टा असतो, तो तिरप्या उजेडात धरला की कोरलेले लहान आकडे दिसतात. हा क्रमांक मुद्रणाच्या क्रमाने दिलेला असल्यामुळे शेजारच्या क्रमांकांवरून सत्राचा काळ ठरविता येतो. कागदावर छापलेला क्रमांक विक्रीचा असतो आणि कागदावरचे नावही कधी कधी चुकीचे असते. आज कोणीही आपल्याकडची तबकडी वाजवून तिची प्रत जगभर पोहोचवू शकतो, ही मोठीच सोय झाली. पण साचाक्रमांक न देता, वेग न तपासता, अंदाजाने राग आणि साल लिहून टाकलेली प्रत पुढच्या अभ्यासकाला वाटेवरून भरकटविते.

मूळ तबकडी जपण्याचीही शिस्त आहे. जुनी तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती दाबून तयार केलेली असते, त्यामुळे ती हातातून पडली की फुटते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. ती पुसताना स्पिरिट कदापि वापरू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा कारागीर लाखदाणा विरघळवितो तो त्यातच. लाँग प्ले तबकडीच्या बारीक सुईवर ती वाजवू नये, कारण तिची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते आणि बारीक सुई तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते.

अशा तबकड्या नाहीशा कशा होतात याचे एक उदाहरण पाहावे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळचा खाडीपूल ओलांडला की कोन हे गाव लागते आणि तेथून पुढे भिवंडीपर्यंत गोदामांची रांग सुरू होते. जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत असलेल्या या पट्ट्यात माळ्यावरचे सामान भंगारवाल्याकडे जाते ते वजनावर, आणि फुटक्या तबकडीला वजनाचाही भाव नसतो. ज्या वाचकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातील तबकड्या असतील त्यांनी त्या काढून टाकण्यापूर्वी एवढे करावे: प्रत्येक तबकडी उभी ठेवावी, तिच्या दोन्ही बाजूंच्या कागदांचे आणि मधल्या काळ्या पट्ट्यातील आकड्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि ते एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखविल्याशिवाय तबकडी कोणाच्याही हवाली करू नये.