मधल्या माणसाचं काय करायचं?

सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एक मागणी मात्र सहसा कुणी सांगत नाही: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत हातात पडावा.

मागणी दिसायला किरकोळ, पण खरी मेख तिच्यातच आहे. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या माणसाची मजुरी गिरणीत अडकलेली असे. तोवर वाण्याची उधारी, खानावळीचं देणं आणि गावी पाठवायच्या मनीऑर्डरीसाठी पठाणाचं कर्ज. मध्येच काम सोडावं, तर केलेल्या कामाच्या पैशांवर पाणी सोडावं लागे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आज सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणं सांगते. पगार रोखणं आणि कर्जात अडकवणं ही त्यातलीच दोन. गिरणी कामगार वेठबिगार नव्हता. तो संप करू शकत होता आणि त्याने ते दणदणीत केलेही. पण पगाराची तारीख कायद्यात यायला 1936 साल उजाडलं.

पगार गिरणीचा असला तरी नोकरी जॉबरची, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाची. गावाकडून पोरं आणायची, गैरहजर कामगारांच्या जागी काम मिळेल म्हणून सकाळी दारावर उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतून कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं, त्याबद्दल दस्तुरी घ्यायची आणि अडल्यानडल्याला पैसे व्याजाने द्यायचे, हे सारं त्याच्याच हातात. कामगारांविषयीच्या शाही आयोगाने 1931 मध्ये जॉबरच्या हातून भरती काढून घ्या, असं सुचवलं. 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदलीची कार्डं काढली. जॉबर काही लगेच संपला नाही, पण कार्डामुळे त्याच्या मर्जीला पहिल्यांदा कागदाची आडकाठी आली.

मुंबईनेच पुढे याहून धीट प्रयोग केला, आणि महाराष्ट्राला त्याचा पुरेसा अभिमान वाटत नाही. मशीद बंदर आणि दाणाबंदर भागात पाठीवर पोती वाहणारे माथाडी बहुतेक सातारा-सांगली-पुण्याकडचे. व्यापारी म्हणे, हे माझे नोकर नाहीत, टोळीवाल्याचे. टोळीवाल्याकडे ना हजेरी, ना हिशेब. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याने व्यापारी आणि हमाल दोघांनाही एका मंडळाकडे नोंदवलं. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात जमा करायची, तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि मंडळाने त्यातून पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी पाहायचं. मालक नेमका कोण, हा वाद कायद्याने बाजूलाच ठेवला. टोळीवाल्याला परवाना देऊन प्रतिष्ठित करण्याऐवजी पैशांची वाट त्याच्या हातून काढून घेतली. अलीकडे माथाडींच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या बनावट संघटनांच्या तक्रारी येतात, त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यासाठी मूळ कल्पना मोडीत काढायचं कारण नाही.

दिल्लीने दुसरी वाट धरली. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बांधील मजुरांची कर्जं रद्द केली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी सालोसाल राबणाऱ्या ‘लगीनगड्यां’ना सोडवायला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने याच कायद्याचा आधार घेतला. एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांविषयीच्या 1982 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं: किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीदेखील राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदाराला परवाना, मजुराला फोटोसह पासबुक, प्रवासभत्ता आणि महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता ठरवून दिला. कागदावर देखणा कायदा, पण राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच. बीडहून कोल्हापूरला ऊस तोडायला जाणारं जोडपं, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एक ‘कोयता’, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर घेऊन निघतं आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याचंच राहतं. या कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नव्हतं. तेच जोडपं कर्नाटकातल्या कारखान्यावर गेलं, की स्थलांतरित ठरे!

आता लोअर परळला गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिलेत. ते बांधणारा मजूर बिहार, झारखंड, बंगालचा. गावातून त्याला पेटी कंत्राटदार आणतो, आठवड्याला हाती ‘खर्ची’ देतो आणि उरलेला हिशेब घरी परतताना करू म्हणतो. सुपारीबागेतल्या अर्जदारांना ही पद्धत ओळखायला वेळ लागला नसता. 2020 च्या टाळेबंदीत असा हिशेब अडकलेली माणसं चालत निघाली, तेव्हा पासबुक किती जणांकडे होतं हे विचारायचीही सोय नव्हती. 2021 च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 1979 चा कायदा त्यांत विरून गेला. कंत्राटदाराशिवाय आपापलं आलेला मजूरही आता स्थलांतरित गणला जातो, ही चांगली गोष्ट. प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. पूर्वी पाच परप्रांतीय मजूर आणणाऱ्या कंत्राटदारालाही परवाना लागत असे. नव्या संहितेत कंत्राटी मजूर पुरवण्याच्या परवान्याची मर्यादा पन्नास आहे. पेटी कंत्राटदाराच्या टोळीत बऱ्याचदा पंधरा-वीसच माणसं असतात.