आजोबांचं प्ले बटण

गेल्या दिवाळीत तुम्ही पहिल्या पगारातून आजोबांसाठी आवाजावर चालणारा झकास स्पीकर आणलात. ‘आजोबा, नुसतं बोलायचं, की गाणं लागतं!’ आजोबा हसले. दोनदा त्यांनी स्पीकरला ‘अहो’ म्हणून हाक मारून पाहिली. पंधरा दिवसांनी तो टीव्हीशेजारी, आजीने विणलेल्या रुमालाखाली झाकलेला! तुमचा निष्कर्ष ठरलेला, ‘त्यांना टेक्नॉलॉजी जमत नाही.’

आता हेच वाक्य उलटं करून बघा. त्या टेक्नॉलॉजीला आजोबा जमले नाहीत, असं म्हटलं तर?

तो स्पीकर काय काय मागत होता, आठवा. त्याला जागं करणारा शब्द लक्षात ठेवा, गाण्याचं नाव आठवा, तो काही बोलला तर ते नीट ऐका. आजोबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असेल तर यातल्या पहिल्या दोन गोष्टी हातातून निसटत असतात. तिसरी वय घेऊन जातं. आणि हे चार-दोन घरांपुरतं नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे तुमच्या सोसायटीत, वाड्यात, गल्लीत कुणी ना कुणी असणारच.

गाणं मागे राहतं

सकाळी पोहे खाल्ले की नाही, हे आजोबांना सांगता येत नाही. पण जुन्या गाण्याचा मुखडा लागला की अंतरा ते स्वतः पुढे म्हणतात. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. त्याला कारण आहे. २०१५मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं, की वर्षानुवर्षं ओळखीचं असलेलं संगीत मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेलं असतं, ते भाग अल्झायमरमध्ये इतरांच्या मानाने बरेच टिकून राहतात.

त्यातही साधारण दहा ते तीस या वयात ऐकलेली गाणी सगळ्यात घट्ट बसतात. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसासाठी १९५५ ते १९७५चा काळ महत्त्वाचा. पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं १९५५मध्ये. रेडिओ सिलोनची ‘बिनाका गीतमाला’ त्याआधीच, १९५२पासून घराघरांत पोचली होती. पण म्हणून ‘जुनी गाणी’ नावाची कुठलीही प्लेलिस्ट लावून चालत नाही हं! एखादे आजोबा भजनी मंडळातले असतात, एखादे तमाशाच्या ढोलकीवर फिदा, तर गोव्यातल्या एखाद्या आजीचा जीव मांडोत अडकलेला.

अमेरिकेतल्या डॅन कोहेन यांनी नेमकं हेच पकडलं. २००६मध्ये न्यूयॉर्कजवळच्या वृद्धाश्रमांत त्यांनी आयपॉड नेले आणि प्रत्येकासाठी त्याच्या आवडीची वेगळी यादी भरली. त्यांच्या कामावरच्या ‘अलाइव्ह इनसाइड’ या माहितीपटाला २०१४च्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षक पसंतीचा पुरस्कार मिळाला. मान खाली घालून बसलेले हेन्री नावाचे एक आजोबा हेडफोन लावताच डोळे मोठे करतात, गुणगुणतात, प्रश्नांना उत्तरं देतात, हे त्यातलं दृश्य जगभर पाहिलं गेलं. याने आजार बरा होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. हाती येतो तो बरा गेलेला अर्धा तास. ज्या घरात दिवसच्या दिवस जड जातात, तिथे त्या अर्ध्या तासाची किंमत विचारा.

नवं शिकवू नका

डिमेन्शियात नवं शिकणं सगळ्यात अवघड. हाताला लागलेली जुनी सवय मात्र बरीच टिकते. रेडिओचं बटण पिळलं की आवाज येतो, हे त्या बोटांना ठाऊक असतं. स्क्रीनवर बोट सरकवणं, ब्लूटूथ जोडणं, बटण तीन सेकंद दाबून धरणं, हे त्या बोटांच्या गावीही नसतं.

आपल्याकडे २०१७मध्ये आलेला ‘सारेगामा कारवाँ’ आठवा. जुन्या ट्रान्झिस्टरसारखा चेहरा, मोठं फिरतं बटण, आत आधीच भरलेली पाच हजार गाणी. इंटरनेट लागत नाही. तो एकूणच ज्येष्ठांना आवडला. डिमेन्शिया वाढत गेला की मात्र दोन-चार बटणंही जास्त होतात. ब्रिटनमध्ये अशा लोकांसाठी एक साधा प्लेअर मिळतो. झाकण उघडलं की गाणं सुरू, मिटलं की बंद. पुढचं गाणं हवं तर एकच मोठं बटण. आवाज कमी-जास्त करायची सोय आहे, पण ती घरच्यांसाठी, आजोबांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

डिझाइन शिकणाऱ्यांनो, इथे तुमची खरी परीक्षा आहे. फीचर वाढवणं सोपं असतं. कुठलं काढलं तरी गाणं वाजत राहील, हे ठरवायला डोकं लागतं.

आवाज वाढवून भागत नाही

‘आजोबांना ऐकू येत नाही, व्हॉल्यूम वाढव.’ प्रत्येक घरातलं हे वाक्य. पण वयानुसार आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. शिवाय हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की एकदम कानठळ्या बसतात, असंही होतं. सोसेल असा मधला पट्टाच अरुंद झालेला असतो. म्हणून सगळाच आवाज चढवला तर गाणं स्पष्ट होण्याऐवजी नुसता गोंगाट होतो.

मग श्रवणयंत्र? ते मुळात बोलणं ऐकण्यासाठी घडवलेलं. यंत्राची शिट्टी वाजू नये म्हणून आत एक सोय असते. बासरीचा लांब, स्थिर सूर आला की तिला तीही शिट्टीच वाटते आणि ती सूर दाबायला जाते. म्हणून बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम ठेवता येतो. तुमच्या घरच्या यंत्रात तो आहे का, हे ऑडिओलॉजिस्टना कधी विचारलंत?

कॉक्लिअर इम्प्लांटचं गणित आणखी निराळं. निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साधारण साडेतीन हजार. इम्प्लांटमध्ये त्यांचं काम साधारण बारा ते बावीस इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे ताल नीट कळतो, सुरांतला बारीक फरक मात्र पुसट होतो. अशा माणसाला तंबोऱ्यावरच्या आलापापेक्षा ढोलकीची लावणी जास्त पोचू शकते.

हे कमी ऐकणं आहे की वेगळं ऐकणं? स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या आणि पुढे जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. त्या अनेकदा अनवाणी वाजवतात, कारण कंपनं त्यांना पायांतून, अंगभर कळतात. यात नवल वाटायचं कारण नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल कानाआधी छातीत वाजतो, हे तुम्हाला-आम्हाला ठाऊकच आहे.

सांगता न येणारं दुखणं

खरी अडचण येते दोन्ही एकत्र आल्यावर. तुमच्या इअरबडमध्ये आवाज फाटला तर तुम्ही तो काढून फेकाल. पण डिमेन्शिया असलेल्या माणसाला ‘यंत्राची बॅटरी संपलीय’ किंवा ‘हे कानाला टोचतंय’ हे शब्दांत सांगता येईलच असं नाही. ते हेडफोन ओढतात, हात झटकतात, ओरडतात. घरचे म्हणतात, ‘आज फार चिडचिड करतायत.’ कित्येकदा ती चिडचिड नसून तक्रार असते.

म्हणून या शनिवारी एक काम करा. आजी-आजोबांना अजून सांगता येतंय तोवर त्यांच्याजवळ बसा आणि वीसेक गाणी लिहून घ्या. लग्नात काय वाजलं, बाळाला काय म्हणून झोपवलं, कुठल्या सिनेमाला चोरून गेले होते? ती गाणी जाहिरातींशिवाय एका साध्या प्लेअरमध्ये भरा. मध्येच दातमंजनाची जाहिरात आली की आपण वैतागतो, ते पार गोंधळतात. आधी यंत्राची बॅटरी बघा, खोलीतला टीव्ही बंद करा, आवाज हळूहळू वाढवा. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. आणि त्या वेळात मोबाइल खाली ठेवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. पाय ठेका धरतोय की कपाळावर आठी येतेय? एखादं गाणं गेलेल्या माणसाची आठवण काढून रडवेल. ते यादीतून काढायचं की शेजारी हात धरून बसायचं, हे कुठलंही अॅप तुम्हाला सांगणार नाही.

आणि तो रुमालाखालचा स्पीकर? त्याचा राग नको. तो वापरा, पण त्याच्याशी बोलायचं काम तुमचं. आजोबांच्या हाताशी पिळायचं एकच बटण असू द्या. ते कसं पिळायचं, हे त्यांना तुम्ही शिकवायची गरज नाही. तुमचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीपासून ते त्यांना येतं.