डावा कोपरा सांभाळणारा गिरीश

मुलांनो, मधल्या सुट्टीत कबड्डीचे संघ पाडायला घेतले की आमच्या शाळेत एकच ओरडा होतो, 'बाई, मी चढाईला जाणार!' सातच्या सात जणांना चढाईच करायची असते. कोपऱ्यात कोण उभं राहतंय, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग जो जरा जाडजूड आहे, नाहीतर शाळेत नवीन आलाय, त्याला कोपऱ्यात ढकलून देतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला जा, वसमतला जा की सेनगावला, मैदान मातीचं आणि चित्र हेच!

आज तुम्हाला अशाच कोपऱ्यात उभं राहून थेट भारताच्या संघात गेलेल्या खेळाडूची ओळख करून देते. गिरीश मारुती इर्नाक हे त्याचं नाव. ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणचा. त्याची जागा म्हणजे डावा कोपरा.

कोपऱ्याचं काम काय असतं? चढाई करणारा आत येतो तेव्हा त्याच्याजवळ ३० सेकंद असतात. समोर सात जण हातात हात घालून उभे. त्या साखळीच्या दोन्ही टोकांना दोन कोपरे. चढाईवाला पाय लांब टाकून बोनस रेषा ओलांडायला बघतो, तेवढ्यात कोपऱ्यानं खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा. किंवा तो पाठ फिरवून परतायला लागला की मांडीला नाहीतर कमरेला मिठी मारायची. सांगायला सोपं आहे! पण झेप अर्धा सेकंद लवकर गेली तर तो उडी मारून वरून निघून जातो, आणि उशिरा गेली तर मध्यरेषेला हात टेकवतो. आणखी एक गंमत बघा. कोपऱ्यानं एकट्यानंच घाई केली आणि बाकीचे मदतीला येईपर्यंत पकड सुटली, तर ज्यांनी ज्यांनी अंगाला हात लावला ते सगळेच बाद. एकाच्या घाईनं तिघं बाहेर! म्हणून चांगला कोपरा कितीतरी वेळा नुसता मागे सरकतो आणि वाट बघतो. बघणाऱ्याला वाटतं, हा काहीच करत नाहीये.

गुणांचा हिशेबही कोपऱ्याच्या बाजूनं नाही. चढाईवाला एका दमात तीन जणांना शिवून तीन गुण आणू शकतो. पकडीला मात्र एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जण उरले असताना पकड झाली तरच दोन, तिला अव्वल पकड म्हणतात. म्हणून तर प्रो कबड्डीत प्रदीप नरवालचे चढाईचे गुण १८०० च्या वर गेले, आणि पकडीत ५०० चा टप्पा सगळ्यांत आधी गाठणारा इराणचा फजल अत्राचली मोठा पराक्रमी ठरला. आपल्या गिरीशनंही पकडीचे तीनशेहून जास्त गुण मिळवलेत. आता या आकड्याची किंमत तुमच्या लक्षात येईल.

अमेरिकेत फुटबॉल नावाचाच पण अगदी वेगळा खेळ आहे. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर गाद्या. त्यात चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे असतात. अडवणाऱ्यांचं सगळं आयुष्य समोरच्याला जमिनीवर पाडण्यात जातं. त्यांचा तो व्यवसायच. आपल्याकडे कबड्डीतल्या पकडीवर पोट भरता येईल, असं पूर्वी कुणाला वाटलं नसतं. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळाडूंचे लिलाव व्हायला लागले. गिरीश २०१६ मध्ये बंगाल वॉरियर्सकडून खेळला आणि २०१७ मध्ये पुणेरी पलटणमध्ये आला.

खरी गोष्ट आहे ती २०१८ सालाची. एका वर्षात माणसाला किती चढउतार बघावे लागतात!

जानेवारीत हैदराबादला राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असं हरवलं आणि ११ वर्षांनी विजेतेपद परत आणलं. रिशांक देवाडिगा कर्णधार होता आणि गिरीश त्या संघात होता. जूनमध्ये दुबईला सहा देशांची स्पर्धा झाली. गिरीश भारताच्या संघात. ३० जूनला अंतिम सामन्यात भारतानं इराणला ४४-२६ असं धुतलं. मग ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई खेळ. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी या खेळांत आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत सातही वेळा पुरुषांचं सुवर्णपदक भारताचंच. त्यामुळे सगळ्यांनी ते धरूनच ठेवलं होतं. पण आधी गटात दक्षिण कोरियाकडून २४-२३ असा एका गुणानं पराभव झाला. आणि उपांत्य सामन्यात त्याच इराणनं भारताला २७-१८ असं हरवलं. ४० मिनिटांत भारताचे फक्त १८ गुण! आपले नावाजलेले चढाईवाले एकामागून एक पकडले जात होते. मला तरी वाटतं, कोपरा म्हणजे काय चीज आहे हे देशाला त्या दिवशी कळलं. दुःख एवढंच, की धडा देणारे कोपरे समोरच्या संघाचे होते. आणि इराणच्या डाव्या कोपऱ्यात कोण होता? तोच फजल अत्राचली.

भारताला कांस्यपदक मिळालं. इतर खेळांत कांस्यपदक आणलं की मिरवणूक निघते, कबड्डीत मात्र ती हार समजली गेली.

त्यानंतर दीड महिन्यानं, ७ ऑक्टोबरला, चेन्नईत प्रो कबड्डीचा सहावा हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी पुणेरी पलटण आणि यू मुंबा समोरासमोर. पुण्याचा कर्णधार गिरीश, मुंबईचा कर्णधार फजल. दोन्ही कर्णधार डावे कोपरे! सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. जकार्ताचं उट्टं काही निघालं नाही, पण हारही झाली नाही.

त्याच वर्षीच्या लिलावात सहा खेळाडूंना एक कोटी किंवा त्याहून जास्त रक्कम मिळाली. त्यांत पाच चढाईच्या बाजूचे आणि पकड करणारा एकटा फजल. पालकांनी मात्र या आकड्यांकडे बघून हुरळून जाऊ नये. एवढे पैसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनाच मिळतात. कोपऱ्याच्या खेळाडूचे गुडघे, खांदे आणि बोटं रोज पणाला लागलेली असतात. लिलावही पुन्हा पुन्हा होतो. गिरीशचंच बघा ना. पुण्यानंतर तो गुजरातकडे गेला, २०२२ मध्ये पुन्हा बंगालकडे आणि २०२३ मध्ये यू मुंबाकडे. जर्सीचा रंग बदलत राहिला, जागा मात्र तीच. म्हणून बरेच कबड्डीपटू रेल्वेत, पोलिसांत, बँकेत नोकरीही धरून ठेवतात. आपल्या राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्येही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. तेव्हा शालेय स्पर्धेत मिळालेला कागद पेटीत जपून ठेवा, वह्यांना कव्हर घालायला वापरू नका!

आणि ज्यांना कोपऱ्यात ढकललं जातं, त्या लेकरांसाठी एक बातमी. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणनं इराणच्या महंमदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्या हंगामात त्यानं पकडीचे ९९ गुण मिळवले. सगळ्या संघांत त्याचेच सर्वांत जास्त. १ मार्च २०२४ ला पुण्यानं हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. शादलूही डाव्या कोपऱ्यातच उभा राहतो.