चाळिशीनंतरचं कपाट

सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही मराठी लग्नाचा ग्रुप फोटो काढून बघा. खाली मांडी घालून बसलेल्या मुली ओळखू येतात, खुर्चीवरची आजी ओळखू येते. मधल्या रांगेतली बेचाळीसची कोण आणि बासष्टची कोण, हे मात्र घरातल्याच कुणाला तरी विचारावं लागतं. सगळ्यांचा अंबाडा सारखा, सगळ्यांचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, सगळ्यांच्या ब्लाऊजची बाही कोपराला टेकलेली. चाळिशी ओलांडली की बाईनं दिसण्याच्या भानगडीतून राजीनामा द्यायचा, आणि तो कुणी मागायच्या आधीच द्यायचा, अशी पद्धत होती.

ही पद्धत फार जुनी, असं आपण धरून चालतो. त्याच फोटोतल्या आजीचं लुगडं मात्र वेगळंच सांगतं. इरकली लुगडी कधी फिकट नसायची. डाळिंबी, गर्द हिरवी, वांगी रंगाची, आणि वर लाल-पांढरा टोपपदर. इलकलच्या विणकरांकडे काठांनाही नावं आहेत, गोमी काय, परासपेटी काय, गायत्री काय. सत्तरीची म्हातारी ती नेसून शेतावर जायची, बाजाराला जायची, आणि भडक दिसतंय असं तिला कुणी म्हणत नसे. फिकट रंग आणले ते तिच्या सुनेनं. पाचवारी नेसणाऱ्या, शाळेत किंवा पोस्टात नोकरी करणाऱ्या शहरी सुनेनं. पांढऱ्या जमिनीवर बारीक फुलांची व्हॉइल, मोतिया, फिकट आकाशी, फार तर अबोली. ‘सोबर दिसतंय’ ही त्या काळातली सर्वांत मोठी पावती. मध्यमवयीन बाईचा फिका रंग ही आपली परंपरा नव्हे, पांढरपेशा घरांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी लावून घेतलेली सवय आहे, असं माझं मत.

अर्थात आजीच्या डाळिंबीलाही अट होती. नवरा असेपर्यंतच ती तिची. तो गेला की अनेक घरांत विधवेचं अलवण यायचं, आणि काही घरांत केस उतरवायला न्हावीही. बाईच्या मध्यमवयातल्या कपड्यांचा निकाल कित्येकदा तिच्या वयानं लागायचाच नाही, नवऱ्याच्या आयुष्यानं लागायचा. अलवण केव्हाच गेलं, पण त्याची शेपटं राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. तारीख मुद्दाम सांगितली. आपण स्टाइलबद्दल बोलतो तेव्हा पंचेचाळिशीतल्या बाईनं लाल टिकली लावावी की नाही, हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला होता, आणि तोही परवा-परवा, हे लक्षात असलेलं बरं.

मधल्या रांगेतली ती बाई हलली कशी? मला वाटतं, ती निमित्तांच्या आधारानं हलली. आवडतं म्हणून घातलं, असं म्हणायची सोय तिला नव्हती. काहीतरी कारण पुढे करावं लागायचं.

पहिलं कारण वाहनाचं. पुण्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पन्नासच्या दशकात स्कूटर चालवत. स्कूटर चालवणारी पुण्यातली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा त्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या होत्या, कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत. पण इरावतीबाई एकट्याच. त्यांच्याकडे बघून कुणी पदर बदलला नाही. बदल घडवला तो 1972 मध्ये आलेल्या लूनानं आणि नंतरच्या बिनगिअरच्या गाड्यांनी. चाकाला साडी-गार्ड असूनही निऱ्या सांभाळताना जीव मेटाकुटीला यायचा. मुंबईत हेच काम लोकलनं केलं. आठ-सतराच्या गाडीत साडी नेसून चढायचं म्हणजे उतरताना पदर आपल्याबरोबर आहे की मागे डब्यातच राहिलाय, हे चाचपडून बघायचं. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली 1992 मध्ये. त्याच्या आगेमागेच ऑफिसातल्या पस्तिशी-चाळिशीच्या बायकांच्या अंगावर पंजाबी ड्रेस दिसू लागला होता. जी पहिल्यांदा घालून येई, तिला दिवसभर खुलासा द्यावा लागे. ‘अगं, गाडीत बरं पडतं.’ ‘पाऊस आहे ना.’ ‘गुडघ्यांनी साडी झेपत नाही.’ सासूबाईंना सांगायचं कारण वेगळं, साहेबांना सांगायचं वेगळं. ड्रेस तोच.

काही शाळांतून बाईंनी ड्रेस घालायचा की नाही यावर मुख्याध्यापकांशी वर्षानुवर्षं घासाघीस चाले. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारनं शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, तेव्हा साडीच्या शेजारी सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा हे सगळं शालीन पोशाख म्हणून मांडलेलं होतं, आणि जीन्स-टीशर्ट नको होता. कालचं धाडस आज शिस्तीच्या यादीत जाऊन बसतं ते असं. आणखी पंचवीस वर्षांनी जीन्सही तिथे असेल आणि बंदी कशावर तरी वेगळ्याच गोष्टीवर असेल.

दुसरं निमित्त वेळेचं. सत्तरच्या दशकात सिंथेटिक साड्या आल्या त्याची आज आपण चेष्टा करतो, घामाच्या पिशव्या म्हणतो. पण सुती साडीमागे किती काम असायचं ते विसरतो. भाताच्या पेजेची कांजी करायची, गाळायची, साडी बुडवायची, दोघींनी दोन टोकं धरून ताणायची, किंचित ओली असतानाच इस्त्रीला द्यायची. नोकरीवरून सहाला घरी येणाऱ्या बाईला हे कुठून जमणार? नायलॉन आणि जॉर्जेट रात्री धुवा, सकाळी नेसा. सिंथेटिक साडीनं दिलेली मोकळीक खरीच होती. पुढे पंचेचाळिशीत अंगातून वाफा यायला लागल्या, पाठ भिजायला लागली, तेव्हा त्याच बाया पुन्हा सुतीकडे आल्या. एव्हाना इस्त्रीवाला कोपऱ्यावर होता आणि पैसे पर्समध्ये होते. हातमागाच्या पुनरुज्जीवनाचं श्रेय आपण चांगल्या अभिरुचीला देतो. त्यातलं थोडं रजोनिवृत्तीलाही द्यायला हवं.

शरीर बदलतं हे कपाटाला सर्वांत आधी कळतं. ब्लाऊज उलटा करून बाजूची शिलाई बघा. चांगला शिंपी आत दोन बोटं कापड सोडतो आणि एकमेकींना समांतर अशा दोन-तीन शिलाया घालतो. तिशीत सगळ्यात आतली शिलाई चालते. बाळंतपणानंतर ती उसवायची. चाळिशीत दुसरी. पन्नाशीच्या आसपास शेवटचीच उरली की उसवलेल्या जागी टोचांची बारीक भोकं दिसतात, आणि कापडाचा आतला पट्टा बाहेरच्यापेक्षा गडद असतो, कारण त्यानं ऊन पाहिलेलं नसतं. कित्येक बायकांनी या शेवटच्या शिलाईपाशी साड्या नेसणंच सोडलं. नवा ब्लाऊज शिवायचा तर माप द्यावं लागतं, आणि टेप छातीवरून फिरवत मास्तर आकडा मोठ्यानं म्हणतात. शिवाय गळ्याचा निर्णयही बरेचदा तेच घेऊन टाकत. ‘मावशी, तुम्हाला जरा वरच ठेवतो.’ विचारलं होतं कुणी?

या सगळ्यातून सुटका करणारा कपडा म्हणजे गाऊन. मराठी मध्यमवर्गाच्या या खऱ्याखुऱ्या पोशाखक्रांतीवर कुणी पुस्तक लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. माप नाही, निरी नाही, नाडी नाही. सोसायटीत भाजीवाला आला, गॅसवाला आला की खांद्यावर ओढणी किंवा नॅपकिन टाकायचा आणि दार उघडायचं. नाकं मुरडणारे भरपूर होते. पण लग्नानंतर पंचवीस वर्षांत या बाईच्या अंगावर निव्वळ तिच्या सोयीचा असा हा पहिला कपडा आला, एवढं तरी मान्य करावं.

रंग परत आले ते नवरात्रात. दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’नं नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता बँका, शाळा, मंत्रालय, लोकलचे डबे एका रंगाचे दिसू लागले. पोथ्यांत याला आधार काय, असं विचारणारे अजून विचारतायत. प्रश्न बरोबर असेल, पण मुद्दा तो नव्हताच. मोरपंखी, नारिंगी, जांभळा, गुलाबी हे रंग पन्नाशीतल्या हेडक्लार्क बाईनं एकटीनं नेसले असते तर टेबलाटेबलावर कुजबुज झाली असती. आता देवीनंच सांगितलंय म्हटल्यावर बोलणार कोण? एकदा घेतलेली नारिंगी साडी नवरात्र संपल्यावर फेकून थोडीच देतात? ती दिवाळीत नेसली जाते, मग हळदीकुंकवाला, मग उगीचच एखाद्या मंगळवारी.

याच सुमारास, 2004 मध्ये, टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि आदेश बांदेकर घरोघरी पैठणी घेऊन जाऊ लागले. तोवर पैठणी लेकीच्या लग्नाची, ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर राहणारी वस्तू. आता ती उखाणा घेऊन, खेळ खेळून, घरच्या बाईनं स्वतः जिंकायची झाली. डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याला निघणाऱ्या शोभायात्रेचं लोण गावोगाव पसरलं, तशी नऊवारीही परत आली. फरक एवढाच की आता ती शिवून मिळते, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी असे प्रकार विचारून. सलवारीसारखी पाय घालून चढवायची, बुलेटवर बसायचं. खणाचंही तेच झालं. गुळेदगुड्डचा खण शतकानुशतकं चोळीपुरता होता. सहा-सात वर्षांपूर्वी त्याची साडी झाली आणि ती घेणाऱ्यांत चाळिशीच्या पुढच्या बायका आघाडीवर होत्या. बेंगळुरूच्या दोघी मैत्रिणींनी 2015 मध्ये वर्षभरात शंभर वेळा साडी नेसायची असा पण केला. त्याचा नाद इकडेही अनेकींना लागला आणि आईच्या ट्रंकेतल्या साड्यांना हवा लागली.

2023 च्या पावसाळ्यात ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा थिएटरबाहेर नटून आलेल्या बायकांचे घोळके उभे होते, डोळ्यांवर गॉगल, केसांत गजरा. पडद्यावर रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने आणि आणखी तिघी जणी, अशा सहा बहिणी, मंगळागौरीच्या स्पर्धेला निघालेल्या. नायिका अशा वयाच्या असू शकतात यापेक्षाही, त्या वयात नटायला मजा येते हे बघायला ती गर्दी आली होती असं मला वाटतं.

इथेच माझी एक तक्रार आहे. समूहानं रंग मिळवून दिला, आता समूहच गणवेश शिवतोय. ट्रिपला सगळ्यांनी पांढरा टॉप आणि निळी जीन्स. भिशीला सगळ्यांची खणाची साडी, ऑक्सिडाइज्डचा तोच हार, तीच मोठी नथ, आणि बोट हनुवटीला लावून काढलेला तोच फोटो. जिला नथ टोचते तीही घालते. सत्तरच्या दशकातल्या मधल्या रांगेसारखीच ही रांगही एका साच्यातली, फक्त रंगीत. ‘पन्नाशीत काय घालावं’ सांगणारे व्हिडिओ त्यात भर टाकतात. उभ्या रेघांनी बारीक दिसाल, गडद रंगानं पोट झाकेल. म्हणजे शेवटी लपवायचंच.

(पुरुषांचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. सफारी सूट गेला, हाफ शर्ट आला. निवृत्तीनंतर टीशर्ट आणि जावयानं दिलेले बूट. त्यांच्या गळ्याची खोली कुणी ठरवली नाही, त्यामुळे त्यांना इतिहासही नाही.)

गणवेशाबाहेर पडणाऱ्या बायकांचं निमित्तही आता पातळ होत चाललंय. 2020 मध्ये टाळेबंदीत पार्लर बंद झाली आणि हजारोंच्या भांगात चार बोटं पांढरं दिसलं. सगळं उघडल्यावर बऱ्याच जणी पुन्हा मेंदी-डायकडे गेल्या, काहींनी मात्र पुढचा काळा भाग कापून टाकला. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले बूट साडीखाली घालणाऱ्या बाईला आधी लोक हसले, मग त्यांनीच बूट कुठून घेतले ते विचारलं. टाच बरी झाली, बूट राहिले.

आणि आता खिसे. नऊवारीला कनवट होती, ओचा होता. पैसे, किल्ल्या, तपकिरीची डबी, नातवाला द्यायचं केळं, सगळं अंगावरच. गोल पाचवारी साडीनं ते घेतलं आणि हातात पर्स दिली, पंजाबी ड्रेसनंही खिसा दिला नाही. दादरच्या एका गल्लीतले मास्तर सांगत होते की हल्ली चाळिशीच्या पुढच्या बायका कुर्त्यालाच नव्हे, साडीच्या परकरालाही खिसा मागतात. मास्तरांनी सवयीनं विचारलं, ‘कशाला हवा?’ उत्तर कारणाचं आलं नाही, मापाचं आलं. मोबाईल उभा मावेल एवढा, उजवीकडे, आणि आतून दोन शिलाया.